‘सलनली’ मान हलवणारा मुलगा

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि अनुवादाचा खर्डा दोन्ही मिळाले. मूळ इंग्रजीत बापाने दटावल्यावर मुलगा ‘सलनली’ (sullenly) मान हलवतो, तिथे तू ‘उदासपणे’ लिहिलेस आणि ते तुलाच खटकले, हे बरे झाले. कारण उदास माणसाचा कुणावर राग असतोच असे नाही, या शब्दात मात्र तो हटकून असतो.

त्यातला ‘सलन’ (sullen) जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सोलस’, म्हणजे एकटा, हा शब्द आहे. गाण्यातला ‘सोलो’ त्याचाच भाऊबंद. आरंभी अर्थ एकाकी एवढाच होता. एकटा बसणारा मनात काहीतरी धरूनच बसला असणार, असे पुढे लोकांनी ठरवले असावे. (आपल्या पेठेतही याहून वेगळे काय होते?)

खासबागेतली कुस्ती डोळ्यांसमोर आण. स्वच्छ चितपट झालेला पैलवान माती झाडत, खाली मान घालून निघतो, तेव्हा त्याला ‘ग्लमली’ (glumly), म्हणजे खिन्नपणे, शोभते. पण ज्याला पंचांचा निकाल पटलेला नाही आणि तरीही वस्ताद समोर उभे असल्यामुळे जो अवाक्षर न काढता, हातात हात दिल्यासारखे करून चालता होतो, तो ‘सलनली’ निघतो. तो उघड भांडला असता, तर हा शब्द लागू झाला नसता. ‘मोरोजली’मध्ये प्रसंगापेक्षा आंबट स्वभावाचा भाग अधिक, आणि ‘सल्किली’ म्हणजे पोरासोरांचे फुरंगटणे.

आता मराठीचे. ‘घुमेपणाने’ असे क्रियाविशेषण घडवता येते, पण वाक्य त्याने अडखळते. आपल्याकडे हे काम ‘धुमसत’, ‘तोंड फुगवून’, ‘कुढत’ अशी धातुसाधिते अधिक सहज करतात. तुझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याला ‘तोंड फुगवून’ पोरकट दिसेल. ‘वर न बघता त्याने घुम्यासारखी मान हलवली’ असे मी लिहीन.

पुढच्या पानावर हाच शब्द आभाळाला लावला आहे, तिथे मात्र घुम्या चालणार नाही. आठवडाभर रंकाळ्यावर तसेच आभाळ आहे, बरसतही नाही आणि उघडतही नाही. मला ‘कोंदलेले’ सुचते. तुला याहून नेमका शब्द सापडला, तर कळव.

तुझा,
जुना मित्र