संत्रानगरीत डब्यातला रस

महोदय,

मुलीकडे बार्सिलोनाला गेलो असताना मायोर्का बेटावर, सोयेरजवळच्या त्रामुंताना डोंगरात एका छोट्या हॉटेलात राहिलो. जुनं दगडी शेतघर, मोजक्या खोल्या, पांढऱ्या भिंती. भाडं ऐकून सौ. गप्पच झाल्या. पण न्याहारीला खिडकीखालच्या बागेतल्या संत्र्यांचा रस! उतारावर चुनामातीविना रचलेल्या बांधांवर ऑलिव्ह, खाली दरीत संत्री. २०११ पासून हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आहे. बेटाची राजधानी पाल्माहून १९१२ सालची रेल्वे बागांमधून येते.

आपल्याकडे संत्र्यांचं काटोल-वरूड जवळच, अन् नागपूरच्या हॉटेलात पाहुण्यांपुढे डब्यातला रस! (चव आपल्याच संत्र्याला जास्त, हे तिथंही सांगून आलो.) निदान आंबिया बहार (हिवाळ्याच्या सुरुवातीचं संत्र्याचं पीक) बाजारात असताना तरी हॉटेलवाल्यांनी ताजा रस द्यावा.

– एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर