यंदा एलएलएमला जातेय, रागावू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच फोन आईकडे देतात, आईचा आवाज जड होतो आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहूनच टाकतेय. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधली एलएलएमची, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीची, सीट मी घेतलीये. फी भरून झाली, हॉस्टेल मिळालं, जुलैत वर्ग सुरू होतील. म्हणजे विचार चालू आहे असं नाही, ठरलंय. डिसेंबरात प्रवेश परीक्षा दिली तेव्हा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर होतं, त्यात आणखी एक घोर कशाला म्हणून घरात बोलले नव्हते.

बाबा, तुम्ही म्हणणार की चालती वकिली सोडून कोण परत बाकावर जाऊन बसतं, आणि लगेच आप्पांचं उदाहरण देणार. पण आप्पांचं प्रकरण वेगळं होतं, तुम्हालाही माहितीये. हे एकच वर्ष आहे हो. पूर्वी दोन वर्षं लागायची, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१२ मध्ये एक वर्षाच्या एलएलएमचे नियम केले तेव्हापासून ही सोय झाली. माझी सनद कुठेही जात नाही. शिवाय एलएलएम झालं की नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देता येते, ती निघाली की लॉ कॉलेजात शिकवायचा रस्ता मोकळा, म्हणजे उद्या कोर्टात मन रमलं नाही तरी महिन्याचा पगार आहे. तुम्हाला माझ्या पगाराचीच तर काळजी असते ना.

पण खरं सांगू का, पगारासाठी नाही जात. लीगल एडच्या, म्हणजे गरिबांना मोफत वकील मिळतो त्या, केसेस मी करते ते तुम्हाला माहितीये. त्यात एक बांधकामावरचा मजूर होता, परराज्यातला. जामीन मंजूर झाला, ऑर्डर हातात आली, मी खुश. त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर पिशवीत त्याचे धुतलेले कपडे घेऊन बसलेली, तिला वाटलं आज नवरा घरी येणार. आणि मला तिला समजवावं लागलं की अगं अजून जामीनदार लागतो, तोही इथलाच, ऐपतीचा दाखला असलेला. तिला या शहरात मुकादम सोडून कोणी ओळखत नव्हतं आणि मुकादम फोन उचलेना. जामीन मिळूनही माणूस आतच. असे किती असतील बाबा!

आणि यावर कायदा गप्प आहे असंही नाही, म्हणूनच जास्त टोचतं. १९७८ मध्ये मोती रामची केस सुप्रीम कोर्टात गेली, तोही बांधकामावरचाच, गवंडी. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ चालणार नाही म्हणाले. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बाँडवर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. मग ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल सुपरिंटेंडंटने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेला, कळवायचं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा. एवढं सगळं लिहिलेलं असूनही खाली छापील फॉर्मसारखं तेच चालतं, एक स्थानिक सक्षम जामीनदार. का चालतं? मला याच्यावरच डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, करायचंय. रोज बोर्डावर सात-आठ मॅटर असताना यावर बसून विचार करायला, रेकॉर्ड तपासायला वेळच मिळत नाही, एका केसमध्ये भांडते आणि दुसऱ्या दिवशी तेच परत. संशोधन कसं करायचं हा तिथे सक्तीचा पेपरच आहे, मला नेमकं तेच शिकायचंय.

आई, तू काळजी करू नकोस. तिथे आपल्यासारखा उकाडा नाही, मेस आहे, लायब्ररी कॅम्पसमध्येच, रात्री बाहेर भटकायची वेळ येणार नाही. स्वेटर घेतलाय. मी दुपारचंही जेवणार, शप्पथ. मला आठवतं, मी बारावीला रात्री अभ्यासाला बसले की तू पण भिंतीला टेकून बसायचीस, मी म्हणायचे आई झोप ना, तर डोळे मिटूनच म्हणायचीस मी कुठे जागी आहे. आणि बाबा, तुम्ही माझ्या पुस्तकांना घातलेली कव्हरं वर्षभर टिकायची, वर्गात कोणाचीच तशी नसायची. अजूनही नवीन बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ कलमांचं पुस्तक, आणला की मी आधी कव्हर घालते.

आता नीट वाचा. बाबांची बीपीची गोळी सकाळीच, चहा झाल्यावर लगेच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आईने डोळ्यात ड्रॉप घालून लगेच गॅसजवळ जायचं नाही. माळ्यावरचं काहीही काढायचं असलं तर दादाची वाट बघायची, स्टुलावर कोणीही चढायचं नाही, बाबा हे तुम्हाला आहे. आणि एक विषय, मन मोठं करून ऐका. तुम्ही दोघं शंभरी गाठणार आहात, पण मृत्युपत्र करून ठेवा. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं नसतं, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. दोन साक्षीदार लागतात, दादा आणि मी सोडून दुसरे घ्या. नोंदणी सक्तीची नाही तरी करूच. घरात कधी कोणाचं वाकडं व्हायला नको एवढ्याचसाठी म्हणतेय, आपण दाव्याची ती वर्षं बघितलीयेत. मसुदा मी पाठवते, तुम्हाला पटेल तसं बदला, मी शब्दाने बोलणार नाही.

दिवाळीत येतेच. तोवर रोज रात्री जेवणं झाली की मी फोन करीन, बाबांनी लगेच आईकडे द्यायचा नाही, आधी माझ्याशी बोलायचं, रागावून का होईना.

आणि माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात निळी फाईल आहे, त्यात एलएलबीच्या मार्कशीट आहेत, ती दादा आला की त्याच्याकडे द्या, पोस्टाने पाठवू नका.

तुमची,
चिऊ