सूचना: जपानमधली भाषाशाळा निवडताना

सर्व सदस्यांसाठी,

जपानी भाषाशाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात. एप्रिलला जायचं असेल तर आदल्या सप्टेंबरपासूनच हालचाल सुरू करा. व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे सीओई, शाळेमार्फत इमिग्रेशनकडून येतं आणि त्यालाच काही महिने जातात. बहुतेक शाळा एन५ (जेएलपीटी या जपानी भाषा-परीक्षेची सर्वांत खालची पातळी) किंवा १५० तास जपानी शिकल्याचा दाखला मागतात. दाखल्यावर तासांचा आकडा हवाच. नुसतं ‘कोर्स पूर्ण’ लिहिलेला कागद परत येतो.

शाळेला एक गोष्ट जरूर विचारा: वर्गात चिनी विद्यार्थी किती? त्यांना कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, ओळखीची असतात, त्यामुळे वाचनाचा वेग त्यांच्या चालीने ठरतो आणि आपली दमछाक होते. कांजीचा वेगळा तास असेल तर उत्तम. विद्यापीठ-प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या शाळांत ईजेयू, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेवर भर असतो, बोलणं मागे पडतं. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी तिथे अडकू नये.

अर्धवेळ कामाला आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे, तीही वेगळी परवानगी काढल्यावर. त्या कमाईवर फीचा हिशेब मांडू नका (एजंट मांडून दाखवतात!). कामापायी हजेरी घसरली की व्हिसाची मुदत वाढवून मिळणं अवघड होतं.

पासपोर्ट, मार्कशीट आणि बँकेच्या कागदांवरचं नावाचं स्पेलिंग आजच ताडून बघा.