इंग्रजी तबकडीवरचा तंबोरा

लंडन, रविवार

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बीटल्स या इंग्रजी बँडचं नाव काढलं की तुम्ही 'कसला तो गोंगाट' म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. त्यांची १९६७ ची 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही एलपी मला इथे जुन्या तबकड्यांच्या दुकानात मिळाली. पहिली बाजू ऐकून झाली, तबकडी उलटली, सुई टेकवली आणि चक्क तंबोरा सुरू झाला. चहा निवून गेला तरी माझं लक्ष नव्हतं. मिरजेहून आणलेली आपली तंबोऱ्यांची जोडी तुम्ही पहाटे लावत बसायचा, तेच डोळ्यांपुढे आलं.

गाणं बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं, 'विदिन यू विदाउट यू'. १९६६ मध्ये तो मुंबईला येऊन रविशंकरांकडे सतार शिकला होता. पुढच्या मार्चमध्ये इथे ॲबी रोडवरच्या स्टुडिओत हे गाणं मुद्रित झालं. बीटल्सपैकी बाकीचे तिघे यात वाजवतच नाहीत. तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, तबल्यावर नटवर सोनी, गजाने वाजवायच्या दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर. तबकडीच्या वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापलेत, पण या चौघांची नावं नाहीत. मला ते फार लागलं. म्हणून तुम्हाला मुद्दाम लिहून कळवतेय.

चाल खमाज थाटातली. मधे शब्द थांबतात, तबला पाचाच्या वजनात जातो आणि दिलरुबा-सतारीचे सवाल-जवाब रंगतात. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी मागे ८ व्हायोलिन आणि ३ चेलो घातलेत, आणि त्या वादकांना दिलरुब्यासारखी, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड घ्यायला लावलीय. गोऱ्या गाण्याला वरून लावलेली ही फोडणी नाही, बाबा. या माणसाला तंबोऱ्यात बसायचं होतं, आणि तो बसलाय.

शेवटचं गाणं 'अ डे इन द लाइफ'. त्याच्या अखेरीस तीन पियानोंवर एकदम एकच स्वरसमूह वाजतो आणि चाळीसहून जास्त सेकंद विरत राहतो. आवाज ओसरेल तसतशी मुद्रणाची पातळी वाढवत नेली होती, त्यामुळे अगदी शेवटी खुर्ची करकरलेलीसुद्धा ऐकू येते. षड्जाची घुमती आस संपेपर्यंत पुढचा स्वर घ्यायचा नाही, असं तुम्ही मला किती वेळा बजावलंय! आणि हे सगळं चार ट्रॅकच्या यंत्रांवर केलेलं.

दादाच्या मोबाइलवर गाणं पाठवलंय. तंबोरा काळी एक या पट्टीला लावून ऐका, किंचित इकडेतिकडे करावा लागेल. तारांची जवारी, म्हणजे ती घुमती झणझण, कशी वाटते ते मात्र नक्की लिहा, माझ्या कानाला ती जरा बंद वाटली.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं तेल पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुमची,
माई