सात दिवसांचं गणित : गोळीबद्दल मैत्रिणीला पत्र

प्रिय चिमे,

गर्भनिरोधक गोळी सुरू करायचं तू जवळजवळ ठरवलंयस, आणि "रोज एक घ्यायची, एवढंच ना?" असं विचारतेस. हो, एवढंच. पण सगळ्यात महागात पडणारी चूक पाकिटाच्या मध्यावर होत नाही. ती होते एक पाकीट संपून दुसरं सुरू करताना, आणि नेमकं तिथेच कुणाचं लक्ष नसतं. म्हणून फोनवर सांगण्यापेक्षा लिहून पाठवतेय. पाकिटाजवळ ठेव.

तू घेणार आहेस ती दोन हार्मोनांची गोळी. एक इस्ट्रोजेन, बहुधा एथिनिल इस्ट्रॅडिओल, २० ते ३५ मायक्रोग्राम. दुसरं प्रोजेस्टिन, त्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल, ड्रोस्पायरेनोन असे प्रकार. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दर महिन्याला अंडाशयाला "बीज तयार कर" असा निरोप पाठवते. रक्तात ही दोन हार्मोनं रोज ठरल्या मात्रेत असली की तो निरोप जातच नाही. बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो, शुक्रजंतूंना तो ओलांडणं अवघड जातं, आणि आतलं अस्तर पातळ राहतं. पण खरा भार पहिल्या कामावर आहे. अंडाशय झोपलेलं राहिलं पाहिजे.

आता गणित. अंडाशय नीट झोपायला सलग सात गोळ्या लागतात. एकदा झोपलं की गोळ्या थांबवल्यावर साधारण सात दिवस ते उठून कामाला लागत नाही. २१ गोळ्या आणि मग सात दिवस सुट्टी, ही रचना या मर्यादेला अगदी टेकून उभी आहे. त्या सुट्टीत अंडाशय कूस बदलायला लागतं, एखादा बीजकोश थोडाफार वाढतोही. आठव्या दिवशी पुन्हा गोळी पोटात गेली की तो तिथेच थांबतो. दहाव्या दिवशी गेली तर कदाचित थांबत नाही. विसरलेल्या गोळीचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात. हे समजलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

(ही सुट्टी मुळात शरीराच्या गरजेसाठी नव्हतीच. १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा दर महिन्याला पाळीसारखं काहीतरी यावं म्हणून ती ठेवली गेली. त्या गोळीतलं इस्ट्रोजेन, मेस्ट्रानॉल, १५० मायक्रोग्राम होतं. आजची मात्रा त्यामानाने किती कमी, हे जुन्या पिढीच्या भीतीकडे बघताना लक्षात ठेव.)

पाकिटं तीन तऱ्हेची असतात. २१ गोळ्यांचं, सगळ्या कामाच्या. ते संपलं की सात दिवस काही नाही, आठव्या दिवशी नवं पाकीट. २८ चं, त्यात २१ कामाच्या आणि सात वेगळ्या रंगाच्या, ज्यांत हार्मोन नसतं. कधी लोह असतं, कधी काहीच नसतं. आणि २४ अधिक ४ चं, ज्यात सुट्टी चारच दिवसांची. माझं मत विचारशील तर २८ वालं घे. त्यात सुट्टी मोजावी लागत नाही, एक संपलं की दुसऱ्याच दिवशी पुढचं, आणि रोजची सवय मोडत नाही. सुट्टी मोजणारी मीच असं म्हणणाऱ्या बायकांचा सात दिवसांचा आठवडा कधी नऊ दिवसांचा होतो ते त्यांनाही कळत नाही.

सुरुवात कधी करायची? पाळी आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत केलीस तर त्याच दिवसापासून संरक्षण. त्यातही पहिला दिवस उत्तम. मध्येच कधीही सुरू करता येते, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले सात दिवस कंडोम हवा. का सात, ते तुला आता माहीत आहे. आतून तपासणी वगैरे काही लागत नाही. रक्तदाब मात्र मोजलाच पाहिजे. ते पुढे लिहिते.

वेळ कोणतीही चालेल, पण ती एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांध. रात्री दात घासणं बरं. मळमळ होणार असेल तर तीही झोपेत निघून जाते. फोनचा गजर लाव, पण गोळी घेतल्याशिवाय तो बंद करू नकोस. "घेते थोड्या वेळाने" म्हणून गजर बंद केला की गोळी राहिलीच समज. एक पाकीट नेहमी जास्तीचं आणून ठेव.

आता राहिलेल्या गोळीबद्दल. सोमवारी रात्री नऊची गोळी विसरलीस आणि मंगळवारी कधीही आठवली, तर आठवल्याक्षणी ती घे. मंगळवारची तिच्या वेळेला घे. एका दिवसात दोन झाल्या तरी, अगदी एकदमच दोन घ्याव्या लागल्या तरी काही बिघडत नाही. फार तर थोडं मळमळेल. कंडोमची गरज नाही. काही गोळ्यांच्या कागदावर बारा तासांची मर्यादा लिहिलेली असते. तुझ्या कागदावर तसं असेल तर कडक नियम तोच पाळ.

बुधवारी रात्रीचे नऊ वाजले आणि सोमवार-मंगळवार दोन्ही राहिल्या असतील तर मात्र प्रकरण वेगळं. शेवटची राहिलेली, म्हणजे मंगळवारची, लगेच घे. सोमवारची टाकून दे. बुधवारची तिच्या वेळेला घे आणि पुढे रोजच्यासारखं चालू ठेव. सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम. याच्या पुढचं सगळं तू पाकिटात कुठे आहेस त्यावर ठरतं.

पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा. कारण तू नुकतीच सात दिवसांच्या सुट्टीतून आलीस, अंडाशय आधीच चाळवलेलं आहे, आणि दोन गोळ्या राहिल्या म्हणजे सुट्टीच लांबली. नवं पाकीट दोन दिवस उशिरा सुरू करणं हेही अगदी हेच. गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीचा (संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घेतात ती) विचार कर, आणि जितक्या लवकर तितकं बरं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रामची असेल तर ७२ तासांच्या आत, आणि रोजची गोळी त्याच दिवसापासून पुढे चालू. युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते, पण ती आणि आपली रोजची गोळी एकमेकींच्या आड येतात. ती घेतली तर रोजची पाच दिवस थांबवून मग सुरू करायची आणि तिथून आणखी सात दिवस कंडोम. म्हणून औषध देणाऱ्याला आपण रोजची गोळी घेतो हे आधी सांग.

मधला आठवडा त्यामानाने निवांत. आधीच्या सात गोळ्या नीट गेल्या असतील तर अंडाशय गाढ झोपेत असतं. कंडोम तेवढा वापर, तातडीची गोळी नको.

तिसऱ्या आठवड्यात दोन राहिल्या तर पुढची सुट्टी रद्द. कामाच्या उरलेल्या गोळ्या संपव आणि दुसऱ्या दिवशी थेट नवं पाकीट उघड. २८ वाल्यातल्या बिनहार्मोनच्या गोळ्या फेकून दे. असं नाही केलं तर राहिलेले दोन दिवस, मग लगेच सात दिवसांची सुट्टी, अशी मोठी फट पडते. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा मध्येच डाग पडतील. घाबरू नकोस. आणि त्या वेगळ्या रंगाच्या सातांतली एखादी विसरलीस तर विसरच. फक्त नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू झालं पाहिजे.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घे. उलट्या किंवा पाण्यासारखे जुलाब दिवसभराच्या वर चालले तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या राहिल्या असं धरून वरचाच हिशोब लाव.

औषधांबद्दल एक गैरसमज काढून टाक. नेहमीची अँटिबायोटिक्स, अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन वगैरे, गोळीचं काम बिघडवत नाहीत. बिघडवतं ते क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन; यकृत हार्मोनांचा फडशा वेगाने पाडायला लागतं आणि हा परिणाम औषध थांबल्यावरही चार आठवडे टिकतो. फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन यांचंही तेच, आणि एचआयव्हीच्या काही औषधांचंही. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे: गोळीमुळे त्याचीच रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. यातलं काही चालू असेल तर ही गोळी नको, तांबी किंवा दुसरं काही बघावं.

आता कुणी घेऊच नये ते. इथे ढिलाई नको, कारण इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं. वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट ओढणं, ही जोडी नको. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर नको. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली, पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार: नको. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे कुणालाच नको. अंगावर पाजत असशील तर सहा आठवडे मुळीच नाही आणि सहा महिन्यांपर्यंत दुसरा उपाय बरा. मोठ्या ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून राहायचं असेल तर चार आठवडे आधी थांबवावी लागते, म्हणून सर्जनला सांग.

अर्धशिशीबद्दल नीट आठवून बघ. नुसतं डोकं दुखणं वेगळं. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येत असतील, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होत असेल, हाताला किंवा तोंडाला मुंग्या येत असतील, तर कोणत्याही वयात ही गोळी बाद, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर कधी कधी "मायग्रेन आहे का?" एवढंच विचारतात. तू रेषांचं आपणहून सांग.

गुठळीची भीती किती धरायची, त्याचे आकडे देते. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाल्यांत नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हाच धोका याहून जास्त असतो. तरीही खास कारण नसेल तर पहिली निवड लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ३० मायक्रोग्रामची असावी असं मला वाटतं. एकाच पोटरीत दुखणं-सुजणं, अचानक छातीत दुखणं किंवा धाप, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, नजर जाणं, एका बाजूची शक्ती जाणं, पोटात तीव्र कळा, कावीळ: यातलं काहीही झालं तर वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना, आणि गोळी घेते हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

बाकीचे त्रास चिडचिड आणणारे असतात, धोक्याचे नसतात. पहिले तीन महिने मध्येच डाग पडतील, मळमळेल, स्तन दुखरे होतील. नेमक्या याच काळात बायका गोळी सोडतात. डाग पडतात म्हणून कधीच सोडू नकोस. वेळेला घेत राहिलं की बहुतेकींचं थांबतं. तीन महिन्यांनंतरही चालूच राहिलं तर गोळी बदलता येते. वजन फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मन सतत उदास राहायला लागलं तर मात्र अंगावर काढू नकोस, सांग.

सुट्टीत जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नव्हे; हार्मोन बंद झाल्याने अस्तर गळतं, इतकंच. म्हणून तो कमी येतो, कधी येतच नाही, आणि "रक्त आत साठतं" ही भीती निराधार आहे. सुट्टी न घेता दोन-तीन पाकिटं सलग घेतली तरी चालतं. आपलं गणित बघता ते जास्तच सुरक्षित. गोळ्या राहिल्या होत्या आणि रक्तस्रावही झाला नाही, तर मात्र चाचणी कर. चुकून दिवस गेलेच आणि त्या काळात गोळी पोटात गेली असेल तर त्याने बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही.

न चुकता घेतली तर वर्षभरात १,००० जणींत साधारण तिघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात घेतात तशी घेतली तर १०० त सात ते नऊ. एवढा फरक पाकिटांच्या सांध्यांत आणि विसरलेल्या गोळ्यांत पडतो. लैंगिक आजारांपासून ही काहीही बचाव करत नाही, त्यासाठी कंडोमच. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, गोळी सोडल्यावरही बरीच वर्षं; स्तनाच्या कर्करोगाचा घेत असताना किंचित वाढतो आणि सोडल्यावर हळूहळू उतरतो. अधूनमधून "शरीराला विश्रांती" म्हणून सोडायची गरज नाही. मूल हवं झालं की थांबव. पहिल्याच महिन्यातही दिवस जाऊ शकतात, म्हणून तयारी नसताना थांबवू नकोस.

रक्तदाब मोजून घेतलास की आकडा कळव. पाकिटावर कोणती दोन हार्मोनं आणि किती मात्रेत लिहिलीत तेही पाठव, मग पहिल्या गोळीचा दिवस ठरवू.

तुझीच