हेल्मेट ऐसपैस नकोच

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत फुल-फेस हेल्मेट कसं निवडावं यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता. काचेची निगा कशी राखावी हा भाग तर मी कापून ठेवलाय. पण त्यातलं एक वाक्य वाचून चहा हातातच राहिला : 'हेल्मेट घातल्याबरोबर आरामशीर वाटलं पाहिजे, आत दोन बोटं जातील एवढी जागा असू द्यावी.' चपलेच्या बाबतीत हा सल्ला मान्य. हेल्मेटच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. हे मी पुस्तकी माहितीच्या जोरावर म्हणत नाही, माझ्या हनुवटीखाली तीन टाक्यांची खूण आहे तिच्या जोरावर म्हणतोय.

माझं पहिलं फुल-फेस हेल्मेट घेताना दुकानदारानं दोन मापं पुढे ठेवली. लहान माप गालांना चेपत होतं, काढताना कान ओढले जात होते. "घट्ट होतंय हो, एक नंबर वरचं घ्या, हवा खेळती राहील," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. वरचं माप टोपीसारखं सुळकन आत गेलं. काही महिन्यांनी एका वळणावर बारीक खडीवरून पुढचं चाक सरकलं. वेग काही फार नव्हता, पण मी तोंडावरच पडलो. पट्टा बांधलेला होता, म्हणून हेल्मेट निघून गेलं नाही. पण आत जागा असल्यामुळे ते डोक्यावर फिरलं, मागची कड मानेत रुतली आणि हनुवटीपुढच्या पट्टीची आतली कड हनुवटीत घुसली. घरी आल्यावर बाहेरून पाहिलं तर पुढच्या पट्टीवर चार बोटं रुंदीचा खरवडलेला पट्टा होता, आतला पांढरा थर दिसेपर्यंत. तो पट्टा माझ्या जबड्यावर उमटायचा होता. म्हणजे हेल्मेटनं काम केलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी दुकानातच सोडून आलो होतो.

हनुवटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जर्मनीत हॅनोव्हर इथे अपघातांचे अभ्यासक डिटमार ऑटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर कुठे कुठे आघात झाले याची नोंद केली होती. त्यात साधारण एक तृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या भागात होते. अर्ध्या हेल्मेटमध्ये नेमका हाच भाग उघडा राहतो. फुल-फेस घ्यायचं मुख्य कारण हे आहे. पावसापासून आणि किड्यांपासून बचाव होतो तो वरकड फायदा.

आता घट्ट का, ते. हेल्मेटचं बाहेरचं कवच प्लास्टिकचं असो, फायबरचं असो की कार्बनचं, जीव वाचवण्याचं बरंचसं काम आतल्या थर्माकोलचं असतं. हो, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, फक्त जास्त दाट. असा चेंगरून आघात पचवणारा थर हेल्मेटमध्ये घालण्याचं पेटंट अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड यांना १९५३ साली मिळालं, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा ते एकदम थांबू नये, दोन-तीन सेंटिमीटर अंतर कापत थांबावं, एवढाच सारा खेळ आहे. सेकंदाला साडेसात मीटर वेगानं आलेलं डोकं तीन सेंटिमीटरमध्ये थांबलं तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ९५ पट धक्का बसतो. तेच अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबलं तर पावणेसहाशे पट. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे, कुणीही करून पाहावा.

सैल हेल्मेटमध्ये काय होतं? आधी हेल्मेट रस्त्याला लागून थांबतं आणि डोकं आतल्या पोकळीतून तसंच पुढे जाऊन मग थर्माकोलवर आदळतं. डोक्याला थांबायला मिळणारं अंतर तेवढं वाया जातं. शिवाय हेल्मेट फिरल्यामुळे आघात भलत्याच जागी येतो. दोन बोटांची जागा म्हणतात ती ही.

साडेसात मीटर म्हणजे ताशी जेमतेम २७ किलोमीटर, मग ताशी ८० वर काय उपयोग, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. युरोपच्या मानकात हेल्मेटची चाचणी याच वेगाला होत आली आहे, म्हणून प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की गाडीचा वेग रस्त्याच्या दिशेनं असतो आणि डोकं पडतं ते वरून खाली. पावणेतीन मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग साडेसात मीटर होतो. बसलेल्या माणसाचं डोकं त्याहून बरंच खाली असतं. भिंतीला किंवा खांबाला थेट धडकलात तर गोष्ट वेगळी, तिथे कुठल्याच हेल्मेटनं हमी देऊ नये. बाकी पडून घसरत जाणाऱ्याच्या डोक्याला बसणारा आघात साधारण या मर्यादेत असतो, आणि घसरण्यानं डोकं पिळवटतं त्याची वेगळी चाचणी नव्या मानकात आली आहे. त्याबद्दल पुढे.

माप घेताना शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून फिरवावी. जिथे सर्वांत जास्त आकडा येतो तो घ्यावा. हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. एका कंपनीचं 'एम' दुसरीच्या 'एल'एवढं असू शकतं. घातल्यावर गाल आत दाबले जाऊन माकडासारखे फुगले पाहिजेत, बोलताना दाताखाली गालाची आतली बाजू येते की काय असं वाटलं पाहिजे. दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची आणि गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली तर माप बरोबर, कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरत असेल तर परत ठेवून द्या. मग पट्टा बांधून मागच्या खालच्या कडेत बोटं घाला आणि हेल्मेट पुढे उलटवून काढायचा प्रयत्न करा. जोर लावून करा, दुकानदार बघतोय म्हणून लाजू नका. डोळ्यांवर येऊन पुढे सरकायला लागलं तर ते रस्त्यावर त्याहून सोप्यानं निघेल. चष्मा असेल तर चष्म्यासकट, आणि केस रोज बांधता तसेच बांधून बघा.

घट्ट आणि टोचणारं यात फरक आहे, आणि लेखकाला बहुधा तोच म्हणायचा असावा. सगळीकडून सारखा दाब म्हणजे घट्ट. एकाच जागी दाब म्हणजे आकार चुकला. डोकी सगळ्यांची सारखी नसतात : कुणाचं वरून पाहिलं तर गोल, कुणाचं लांबट, बहुतेकांचं मधलं. हेल्मेटंही तशीच बनतात. दुकानात वीस मिनिटं घालून बसावं. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल ठिपका उमटला असेल तर तुमचं डोकं त्या हेल्मेटपेक्षा लांबट आहे. कानशिलांवर दाब आणि कपाळापुढे पोकळी असेल तर उलट. अशा वेळी माप वाढवून काही साधत नाही, दुसरं मॉडेल बघावं लागतं. माझी पहिली चूक तीच होती. गालाच्या गाद्या मात्र पंधरा-वीस दिवसांत बसतात. त्यामुळे गालांचा दाब सोसावा, कपाळाचा सोसू नये.

शिक्क्यांबद्दल लेखात 'प्रमाणित हेल्मेटच घ्या' एवढंच होतं, ते अपुरं आहे. अमेरिकेच्या 'डॉट' मानकात उत्पादक स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो, आणि त्या मानकात हनुवटीच्या पट्टीवर आघाताची चाचणीच नाही. म्हणजे फुल-फेस ज्यासाठी घ्यायचं तोच भाग न तपासलेला. स्नेल या खाजगी संस्थेच्या आणि युरोपच्या ईसीई मानकात तो तपासतात. ईसीईचं लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं. पट्टा उलटा करून बघा. वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली. त्याखालच्या लांबलचक क्रमांकाची सुरुवात ०६ नं असेल तर ते नव्या, २२.०६ मानकाचं. ०५ असेल तर जुन्या. नव्यात तिरप्या पृष्ठभागावर आपटून डोक्याला बसणारा पीळ मोजतात, आणि आघात एकाऐवजी तीन वेगवेगळ्या वेगांना घेतात. क्रमांकातलं 'पी' हे अक्षर शोधा. त्याचा अर्थ हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. 'एनपी' असेल तर पट्टी दिसायला आहे, भरवशाला नाही. पुढचा भाग वर उचलता येणारी हेल्मेटं घेणाऱ्यांनी तर हे अक्षर बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत.

महाग ते जास्त सुरक्षित, असं मात्र समजू नये. ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या 'शार्प' योजनेत हेल्मेटांना पाचपैकी तारे देतात आणि तिथे स्वस्त हेल्मेटांनी पाच तारे मिळवल्याची उदाहरणं आहेत. वरचे पैसे वजन, हवा, आवाज आणि अस्तर यांचे असतात, आणि रोज दोन-दोन तास गाडीवर असणाऱ्याला तेही महत्त्वाचे आहेत. वजन दीड किलोच्या आत असेल तर मान संध्याकाळी आभार मानते. गडद काच रात्री नको. काचेच्या आत बसणारं धुकं-रोधक पटल मिळत असेल तर जरूर घ्या. रेसिंगची हेल्मेटं पुढे वाकून बसणाऱ्यांसाठी असतात, ताठ बसलात तर वारा ती वर उचलतो. रंगाबद्दल मी बोलत नाही, घरात त्यावरून पुरेसं बोलणं होतं.

एक सवय मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती जवळजवळ सगळ्यांना आहे. गाडी लावली की हेल्मेट आरशावर अडकवतात. अस्तर काढून आतून कधी बोट फिरवून बघा. आरशाच्या टोकानं थर्माकोलमध्ये खळगा पडलेला असतो, सुपारीएवढा. तिथला थर आधीच दबलाय, तो दुसऱ्यांदा दबणार नाही. पडल्यानंतर हेल्मेट बदलायचं तेही याच कारणानं. थर्माकोल एकदाच चेंगरतं, आणि बाहेरून कवच अगदी नवं दिसत असतं.

आपण त्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती. मागच्या आठवड्यात भाच्याला हेल्मेट घ्यायला बरोबर गेलो होतो. त्याच्या खिशात आपला लेख होता आणि तो दोन बोटं आत घालून बघत होता. शेवटी मापातलं घेतलं. रोज संध्याकाळी फोन येतो, "मामा, गाल दुखतात." कपाळ दुखतं का, एवढंच मी विचारतो. नाही म्हणाला की म्हणतो, अजून दहा दिवस थांब.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक