केमोनंतरचा ताप गोळीने दाबू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला की पॅरासिटामॉल द्यायची, काढा करायचा आणि दोन दिवस वाट पाहायची, ही आपली रीत. कॅन्सरवरची केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत हेच दोन दिवस जिवावर बेततात. केस किती गळतील, उलट्या किती होतील, हे नातेवाईक पहिल्या सलाईनआधीच विचारून घेतात. तापाचे क्वचितच कुणी विचारते.

केमोच्या औषधांच्या तडाख्यात अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. मळमळ ओसरलेली असते, माणूस चार घास खाऊ लागतो, पाहुणे भेटायला येतात, नेमके तेव्हा. या दिवसांत जंतुसंसर्ग झाला तरी सूज, लाली, पू दिसेलच असे नाही. पू होतो तोच मुळी या पेशींमुळे. बऱ्याचदा ताप एवढी एकच खूण उरते आणि ती आपण गोळीने पुसून टाकतो.

सीबीसीच्या (रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर नुसता ‘काउंट’ बघून भागत नाही. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्क्यांनी गुणून १०० ने भागा. पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के, तर उत्तर १,८००. घाबरायचे कारण नाही. पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर ३६०. हा आकडा ५०० च्या खाली असताना ताप आला तर ती तातडीची वेळ समजावी.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात कपाळाला लावून केलेला अंदाज कामाचा नाही. चहा प्यायला असेल तर पंधरा मिनिटे थांबून तोंडात लावा. १००.४ फॅरनहाइट दिसले की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करून निघा. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी निघा. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने कधी कधी ताप झाकला जातो. दारात पोचल्यावर पहिले वाक्य ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला’ हेच असावे. ‘ताप आलाय’ एवढेच सांगितले तर रांगेत बसवतील. शिरेतून अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हायला हवे.

परळला टाटा रुग्णालयात डोस घेऊन रात्रीच्या गाडीने गावी परतणाऱ्यांना आधी गाठावे लागते ते गावातल्या डॉक्टरांनाच. त्यांना विनंती: कमरेत इंजेक्शन देऊ नका. प्लेटलेटही पडलेले असू शकतात, स्नायूत रक्त साचते. गुदद्वारातून औषध किंवा एनिमाही नको. रक्त कल्चरला (जंतू शोधण्याच्या तपासणीला) घ्या, पण रिपोर्टसाठी अँटिबायोटिक अडवू नका.

पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन गावी न्यायचे असेल तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवलेले वाया जाते. केमोच्या दिवशीच ते टोचून घ्यायचे नसते, निदान २४ तास जाऊ द्यावे लागतात. नंतर कंबर, मांड्या ठणकतात. तो औषधाचाच परिणाम असतो.

तोंड आल्यावर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा खळखळून चूळ भरा. धुण्याचा सोडा नव्हे, हे मुद्दाम सांगावे लागते. मिसरी बंद. गाडीवरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळे, कच्ची मोड आलेली मटकी नको. घरी धुऊन सोललेले केळे, संत्रे खुशाल द्या. पपईच्या पानांचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रुग्णालयांकडे मागणी एवढीच. डिस्चार्ज कार्डावर तापाची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात, शेवटच्या ओळीत असते. ती मराठीत, ठळक, पहिल्या पानावर छापा. खाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर द्या आणि तारखा हाताने भरा: डोस १ जुलैला, तर ७ ते १४ जुलै विशेष जपा.

– केमो डे-केअर विभागातील परिचारिका, सोलापूर